मदत हवी आहे: धंदा करणाऱ्या बाईने रिटर्नमध्ये कोणता खर्च दाखवायचा?

नमस्कार. मी १४ वर्षं सांगली जिल्ह्यात धंदा करते. शब्द मुद्दाम हाच लिहिला आहे, कारण माझं काम या शब्दापाशीच अडलंय.

पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जासाठी बँकेने माझं रिटर्न मागितलं. मी आजवर कधी भरलेलं नाही. पॅन आहे, खातं आहे, निम्मी गिऱ्हाइकं आता फोनवरूनच पैसे पाठवतात. रिटर्न भरून देणाऱ्यांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, शिवणकाम लिहू." मला मशीनमध्ये दोरा ओवता येत नाही. उद्या नोटीस आली तर कुणाचे ब्लाउज दाखवू? आणि ज्या कमाईवर पोर बारावी झाली, ती कमाई दुसऱ्या कामाच्या नावावर का टाकू?

पोरीच्या भूगोलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी हिशोब ठेवते. २०२५-२६ ची जमा ५,४०,००० झाली. खर्चात खोलीचं भाडं महिना ९,०००, लाइट, मोबाइल, रिक्षा, चादरी धुणाऱ्या मावशींचे पैसे, निरोध (संस्थेकडून मिळतात ते पुरत नाहीत), रक्त तपासणी, कपडे, मेकअप. शेवटचा रकाना 'द्यावे लागले' असा आहे. तो दाखवायचा नाही, एवढं मला कळतं.

मला माहीत आहे ते असं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशानुसार सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने हे काम करणं गुन्हा नाही, कोठा चालवणं गुन्हा आहे. पण आयकराच्या कलम ३७ मध्ये, गुन्हा असलेल्या कामासाठी केलेला खर्च वजा मिळत नाही, असं आहे. मग माझ्या खोलीचं भाडं कोणत्या बाजूला धरायचं? मी तिथे एकटीच राहते, एकटीच काम करते. आधी कोठा चालवणाऱ्या घरवालीकडे अधियावर होते, निम्मे पैसे तिचे. ते सोडून पाच वर्षं झाली.

कुणी हे काम जाणत असेल तर नीट सांगा. शिवणकामाचा सल्ला नको.

प्रतिसाद

ताई, मी कर सल्लागार आहे. शिवणकाम लिहिलं नाही हे उत्तम केलंत. व्यवसायाच्या जागी 'इतर सेवा' लिहा, ते खोटं नाही.

भाड्याचं सांगतो. १९५६ च्या पिटा कायद्यात (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) कोठ्याची व्याख्या दुसऱ्याच्या फायद्यासाठी किंवा दोन-अधिक जणींच्या सामाईक फायद्यासाठी वापरलेली जागा अशी आहे. तुम्ही एकट्या, कमाई तुमचीच, म्हणून भाड्यावर हक्क सांगायला आधार आहे. मात्र राहताही तिथेच, तेव्हा कामाच्या वाट्याचंच भाडं धरा. लाइट-मोबाइलचंही तसंच. निरोध, धुलाई, गिऱ्हाइकाकडे जायची रिक्षा धरा. कपडे, मेकअप, तपासणी हे वैयक्तिक म्हणून अधिकारी कापतील, त्यावर भांडत बसू नका. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिलं तर तो खर्च बाद होतो.

सोपी वाट कलम ४४एडी, म्हणजे जमेच्या ठरावीक टक्क्यांवरून नफा धरायची सोय. त्यासाठी सुगम (आयटीआर-४) फॉर्म भरा. रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या जमेच्या ६ टक्के नफा दाखवावा लागतो. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवा, बँकेलाही तोच हवा असतो. मग खर्चाचा एकेक कागद कुणी मागत नाही. नव्या कर पद्धतीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करही शून्य. वही मात्र सोडू नका, खरा नफा तिच्यातूनच निघणार.

धागाकर्ती

दादा, वाचून छातीवरचं ओझं उतरलं. एकच राहिलं. घरमालक भाड्याची पावती देत नाही. जागा कोठ्याला दिली असं कुणी म्हणालं तर आपण अडकू, अशी त्याला भीती. त्याचं तरी काय चुकलं? पुढच्या महिन्यापासून भाडं त्याच्या खात्यावर पाठवलं, तर बँकेची नोंद पावतीच्या जागी चालेल का? आणि मागच्या बारा महिन्यांचं, जे हातात रोख दिलं, त्याला वहीतली माझी नोंद पुरेल का?