हळद-वरातीचा डीजे सेट रेकॉर्ड करायला खिशात मावणारं काय घ्यावं?

चोपडा_लाइन:
राम राम मंडळी. सेटअप साधा आहे: लॅपटॉप, डीडीजे-एफएलएक्स4 (डीजे कंट्रोलर), तिथून आरसीए केबलने आठ चॅनलचा मिक्सर, पुढे अँप आणि टॉप-बेस स्पीकर. निवेदकाचा माइक मिक्सरवर. हळदीला सलग चार तास, वरातीला सगळं पिकअपवर, जनरेटरवर. मोबाइलचं रेकॉर्डिंग बेस आला की फाटतं, अहिराणी गाण्यातला एक शब्द कळत नाही. बजेट 10-12 हजार. मोबाइललाच केबल लावू, लॅपटॉपात रेकॉर्ड करू, की वेगळा रेकॉर्डर घेऊ?

फेडर_खाली_घे:
वेगळा रेकॉर्डर घ्या. झूम एच1एसेन्शियल किंवा टॅस्कॅम डीआर-05एक्स, दोन्ही खिशात मावतात आणि सेलवर चालतात. दोघांत फार डोकं लावू नका भो. खरा फरक सिग्नल कुठून घेता त्यावर पडतो.

लॅपटॉपमधल्या रेकॉर्डिंगात तुमचा निवेदक येणारच नाही, कारण त्याचा माइक पुढे मिक्सरवर आहे. शिवाय रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये स्ट्रीमिंगचं गाणं वाजत असेल तर रेकॉर्डिंग होत नाही. मोबाइलच्या जॅकमध्ये माइकसाठी एकच पिन, म्हणजे मोनो. स्टिरिओ हवं तर मध्ये यूएसबी इंटरफेस आणि ओटीजी आलं. एवढं लटांबर पिकअपवर कोण सांभाळणार?

मिक्सरच्या मागे 'रेक आउट' किंवा 'टेप आउट' शोधा, तिथून घ्या. गाणं चालू ठेवून मेन फेडर (मुख्य आवाजाची सरकपट्टी) शून्यावर आणा. रेकॉर्डरचा मीटर तरी हलत असेल तर उत्तम: वरातीत आवाज कितीही वर-खाली केला तरी रेकॉर्डिंग एकसारखं. मीटर मेला तर ते आउट फेडरनंतरचं आहे, मग लेव्हल आणखी खाली ठेवा. हेडफोन आउटवरून घेऊ नका, त्यात क्यू, म्हणजे पुढचं गाणं आधी ऐकायचा आवाज, मिसळतो. रेक आउट नसेलच तर एफएलएक्स4च्या आरसीएवर वाय केबल चालेल, निवेदक मात्र जाईल. एका आउटचे दोन फाटे करायला हरकत नाही. दोन आउट वायने एकत्र जोडायचे नाहीत.

केबल दोन आरसीए ते 3.5 मिमी स्टिरिओ. पिनवरच्या काळ्या रिंगा मोजून घ्या: दोन असल्या तर बरोबर, तीन असल्या तर ती मोबाइलची. ती लावली की एक बाजू गायब किंवा आवाज पोकळ, आणि दोष रेकॉर्डरवर येतो.

डीआर-05एक्स घेतला तर प्लग-इन पॉवर (माइकला जाणारी वीज), ऑटो लेव्हल आणि लो कट (बेस कापणारं फिल्टर) बंद करा. ऑटो लेव्हल चालू राहिलं तर प्रत्येक ढोलाला गाणं खाली बसतं. फाइल वाव्ह, 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ ठेवा. तासाला साधारण 635 एमबी, चार तासांना अडीच जीबी. 32 जीबीचं कार्ड भरपूर झालं. फाइल 2 जीबीला तुटून दुसरी सुरू झाली तर घाबरू नका. सगळ्यात जोरदार गाणं लावून पीक -12 डीबीला बसवा. रात्र चढते तसा हात वर जातोच, तेव्हा -6 पर्यंत येईल.

अर्थिंग_बघ_आधी:
एक जोडतो. एच1एसेन्शियल 32 बिट फ्लोटमध्ये (लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते असा फॉरमॅट) रेकॉर्ड करतो, त्याला गेनचं, म्हणजे लेव्हल लावायचं, बटणच नाही. 48 किलोहर्ट्झला तासाला सुमारे 1.4 जीबी धरा. दुकानदार म्हणतो लेव्हलची कटकट मिटली. अर्धंच खरं आहे. मिक्सर किंवा कंट्रोलर लाल दिव्यात असेल तर आवाज तिथेच फाटलेला निघतो. शिवाय 3.5च्या जॅकला झेपेल त्यापेक्षा जास्त व्होल्टेज गेलं तर लाटेचा माथा आतच कापला जातो, मग कुठलं फ्लोट आणि काय. लाल दिवा लागूच द्यायचा नाही, हा नियम जुनाच.

जनरेटरवर हम्म येतो तो बहुतेक ग्राउंड लूपचा, म्हणजे मशिनी एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडल्या गेल्याचा. रेकॉर्डर सेलवर चालवला की रेकॉर्डरपुरता लूपच बनत नाही. लॅपटॉपच्या यूएसबीवर लावला की लगेच घरघर आणि बारीक शिट्टी. लूप तोडणारा स्वस्त आयसोलेटर शेवटचा उपाय; छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बेस खातो.

चोपडा_लाइन:
धन्यवाद दादा. सेल चार तास टिकतील? नाहीतर पॉवर बँक लावतो. आणि पब्लिकचा आवाज अजिबात नसेल तर कोरडं नाही का वाटणार?

फेडर_खाली_घे:
ताज्या अल्कलाइनवर चार तास आरामात. पॉवर बँक लावायची असेल तर आधी घरी तासभर तपासा. रेकॉर्डर इतका कमी करंट ओढतो की काही बँका 'काही जोडलेलंच नाही' समजून बंद पडतात.

पब्लिकसाठी: एच1मध्ये केबल घातली की त्याचे स्वतःचे माइक बंद होतात, म्हणून तिथे मोबाइल वापरा. टॉपसमोर नको, डीजेच्या मागे, 8-10 मीटरवर, माइकवर फोमचा तुकडा. कानबाई देवीच्या विसर्जनात सगळी गल्ली गाते, ती तिथून छान येते. नंतर केबलने घेतलेल्या आवाजाखाली हलका मिसळा. 10 मीटरवर आवाज सुमारे 29 मिलीसेकंद उशिरा पोचतो, तेवढा मोबाइलचा ट्रॅक अलीकडे, म्हणजे आधी सुरू होईल असा, सरकवा. चार तास एकदम जुळवू नका, दोन मशिनींची घड्याळं हळूहळू सरकतात. एकेका गाण्यापुरतं जुळवा.

अर्थिंग_बघ_आधी:
तो मोबाइल फ्लाइट मोडवर. दुसरा कुठलाही फोन केबलजवळ नको, नाहीतर मधेच टर्रर्र टर्रर्र येतं. पिकअपच्या हादऱ्याने 3.5ची पिन अर्धी बाहेर येते आणि एक बाजू जाते. केबलला सैल वळसा देऊन टेपने रेकॉर्डरलाच चिकटवा. मे महिन्यात जळगावच्या उन्हात पिकअपच्या टपावर काहीच ठेवू नका, मोबाइल गरम होऊन रेकॉर्डिंग बंद पडतं. आणि कार्यक्रम संपला की आधी स्टॉप दाबा, फाइल बंद होऊ द्या, मग पॉवर. घाईत सेल काढले तर शेवटची फाइल उघडत नाही.

चोपडा_लाइन:
बरं. मिक्सरमागे टेप आउट आहे, आत्ताच पाहिलं. मेन खाली घेतला तरी आवाज येतोय.