क्वांटम वेलमध्ये पीएचडी: फिजिक्स किती आणि मशीनची हमाली किती?

बॉक्समधला_कण:
एमेस्सी फिजिक्सचं शेवटचं सेम चालूय. डब्यातल्या कणाचं गणित शिकलो आणि मग कळलं की हा डबा, म्हणजेच क्वांटम वेल, खरंच बनवता येतो, अल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडच्या दोन थरांत गॅलियम आर्सेनाइडचा १० नॅनोमीटरचा थर घातला की झालं, तेव्हापासून हेच करायचं ठरवलंय. पण एका सिनियरने घाबरवलंय, म्हणे अर्धी पीएचडी पंप आणि लीक यातच जाते. शिवाय इसाकी आणि त्सू यांचा सुपरलॅटिसचा (असे पातळ थर आलटून पालटून रचण्याचा) पेपर १९७० चा, मग आता या फील्डमध्ये उरलंय तरी काय?

तळघरवाला:
सिनियर खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. माझी बरीच वर्षं एमबीई मशीनपाशी (व्हॅक्युममध्ये असे थर एकावर एक वाढवणारं मशीन) गेली. चेंबर एकदा उघडलं की पुन्हा बंद करून दीडशे-दोनशे डिग्रीवर कित्येक दिवस भाजत बसायचं, आतलं पाणी निघेपर्यंत, तेव्हा कुठे अल्ट्रा हाय व्हॅक्युम मिळतो, आणि एवढं करून एखादी सील गळकी निघाली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
पण रीडच्या (सँपलवरून उसळलेली इलेक्ट्रॉनची शलाका दाखवणाऱ्या) पडद्यावरचा ठिपका एकदा बघच. थर वाढत असतो तेव्हा तो उजळतो, मंदावतो, परत उजळतो. एक चक्र म्हणजे एक थर, ०.२८ नॅनोमीटर, साधारण सेकंदाला एक. पुस्तकातली डब्याची रुंदी इथे शटर किती सेकंद उघडं ठेवलं त्यावर ठरते!
माझ्या एका सँपलचा फोटोल्युमिनेसन्सचा (लेसर मारल्यावर सँपल जो उजेड देतं त्याचा) पीक हिशोबापेक्षा जास्त एनर्जीला आला. मी हवेत, नवीन फिजिक्स सापडलं म्हणून सरांकडे पळत गेलो. सरांनी एवढंच विचारलं, "गॅलियमचा फ्लक्स शेवटचा कधी मोजलास?" गॅलियमची वाफ सोडणारा सेल रिकामा होत आला होता, थर पातळ पडला, एनर्जी चढली. आता सांग, हे फिजिक्स की मशीनची हमाली?
एक मात्र कडू आहे. १९८२ मध्ये त्सुई आणि श्टॉर्मर यांना फ्रॅक्शनल क्वांटम हॉल इफेक्ट (अतिथंडीत, जोरदार चुंबकक्षेत्रात इलेक्ट्रॉन दाखवतात तो परिणाम) दिसला ते सँपल गोसार्डनी वाढवलेलं, १९९८ च्या नोबेलच्या यादीत मात्र ते नाहीत. वाढवणाऱ्याचं नाव पेपरवर येतं, गाजतं मोजणाऱ्याचं.

वायरबाँड:
तळघरवाले दादा वाढवतात, आम्ही त्याचं डिव्हाइस करतो आणि तिथेच माती खातो. लिथोग्राफी (नक्षी छापणं) झाली, एचिंग (कोरणं) झालं, कॉन्टॅक्ट झाले, शेवटी २५ मायक्रॉनची सोन्याची तार जोडताना पॅडच उखडून वर येतं. अंगातल्या स्टॅटिकने सँपल जळलेलं तर विचारूच नकोस, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय मी आता खुर्चीवरही बसत नाही.
काय उरलंय म्हणतोस? क्वांटम कॅस्केड लेसरची (थरांमधून इलेक्ट्रॉन पायरी-पायरीने उतरत प्रकाश देतो तो लेसर) मूळ कल्पना काझारिनोव्ह आणि सुरिस यांनी १९७१ मध्ये मांडली आणि बेल लॅब्समध्ये तो चालला १९९४ मध्ये. इतक्या सगळ्या थरांची जाडी अचूक ठेवून वाढवायला मधली वर्षं गेली. कागदावर झालेलं आणि हातात आलेलं यात इतकं अंतर असतं, तुझी पीएचडी त्या अंतरातच कुठेतरी बसेल.

बॉक्समधला_कण:
ताई, दादा, धन्यवाद. मग लॅब निवडताना विचारू काय?

तळघरवाला:
सँपल कोण वाढवतं ते विचार. बाहेरून येत असतील तर वर्षाला किती येतात, आणि फसलेलं सँपल परत वाढवून मिळतं का. पब्लिकेशनची यादी नंतर बघ.

बॉक्समधला_कण:
सिनियरलाच विचारलं. म्हणाला लीक शोधायला महिनाभर चेंबरवर बाहेरून हीलियम फवारतोय, कुठेही फवारला तरी डिटेक्टर बोंबलतो, लीक काही सापडत नाही.

तळघरवाला:
खालून सुरू करत असणार. हीलियम हलका, वर चढतो आणि वरच्या लीकमधून आत शिरतो. वरून खाली यायला सांग, सावकाश.