मदत हवी आहे: दवाच्या दिवसांत रानातल्याच साहित्यावर शेकोटी कशी धरवायची?

घाटकडा
नोव्हेंबर-डिसेंबरात घाटमाथ्यालगतच्या गावांत, मालकाला विचारून शेताच्या कडेला मुक्काम असतो. रॉकेल, कापूर, टायरचा तुकडा यातलं काही नेत नाही. काडेपेटी, फेरो रॉड (पात्याने खरवडला की ठिणग्या पडणारी धातूची कांडी) आणि लहान कोयता एवढंच. अडचणी अशा:

१. वाळकं गवत भसकन पेटतं, वरच्या काटक्या नुसत्या धुमसतात आणि सगळं विझतं.
२. फेरो रॉडची ठिणगी पडली की गवत काळं पडतं, पण जाळ धरत नाही.
३. पहाटे चहाला पेटवायचं तर सरपण दवाने ओलं.

आसपास कारवी, बांबू आणि खाली पडलेल्या ऐनाच्या फांद्या असतात. "कापूर न्या" सोडून काहीही सांगा.

सरपण
तुमच्याकडे गवत आहे आणि काटक्या आहेत, मधलं काहीच नाही. गवताचा जाळ फार तर अर्धा मिनिट टिकतो. लाकडातलं पाणी उडेपर्यंत ते १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं, आणि त्यातून पेटणारा वायू नीट सुटायला २५०-३०० अंश लागतात. अंगठ्याएवढी काटकी तिथवर पोचायच्या आत गवताची राख झालेली असते.

म्हणून आधी काडेपेटीच्या काडीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब काड्या गोळा करा. दोन्ही पंजांत जेमतेम मावेल एवढी जुडी हवी. करंगळीएवढ्या त्याच्या दुप्पट, अंगठ्याएवढ्या कवेत मावतील तेवढ्या, मनगटाएवढी लाकडं त्यानंतर. हे चारही ढीग शेजारी लागल्याशिवाय काडी ओढायची नाही. दव पडायच्या आत, म्हणजे उन्हं कलायच्या सुमारास गोळा करा.

ऐनाच्या पडलेल्या फांद्या जमिनीची ओल ओढून बसतात. उभं वाळलेलं किंवा झुडपात अडकून राहिलेलं घ्या. कट्कन मोडलं पाहिजे. शंका आली तर साल खरवडून आतलं लाकूड वरच्या ओठाला लावा. गार लागलं तर ओल आहे. फुलून मेलेली कारवी उभ्या उभ्या वाळते, करंगळीच्या जाडीला तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. फक्त तिचा निखारा टिकत नाही, त्यामुळे नुसत्या कारवीवर रात्र काढायला जाऊ नका.

रचताना खाली अंगठ्याएवढ्या काटक्यांची फळी, म्हणजे ओली जमीन धग ओढून घेत नाही. वाऱ्याच्या बाजूला मनगटाएवढं लाकूड आडवं ठेवा आणि बारीक जुडी त्यावर तिरपी टेकवा, खाली मूठ जाईल एवढी पोकळी सोडून. पेटवण त्या पोकळीत. पेटवायचं वाऱ्याच्या बाजूने, अगदी बुडाशी. जाळ काड्यांच्या वर डोकावला की मगच पुढची जाडी. धूर दाट आणि पांढरा झाला तर भर घालणं थांबवा आणि बुडाशी लांब, संथ फुंकर घाला.

गारगोटी
ठिणगीबद्दल: फेरो रॉडची ठिणगी अतिशय तापलेली, पण क्षणभराची. अख्खी गवताची काडी तेवढ्यात पेटत नाही, तंतू पेटतात. वाळक्या बांबूच्या कांड्यावर कोयत्याचं पातं काटकोनात धरून खरवडा. मऊ, केसाळ भुगा निघतो. तो मूठभर हवा. कोकणाच्या बाजूला असाल तर नारळाची शेंडी तळहातांत चोळून तिची खोलगट चुंबळ करा आणि भुगा मधे ठेवा. रुईचा किंवा सावरीचा कापूस ठिणगी चटकन घेतो, पण तितक्याच चटकन जळून जातो, म्हणून तो शेंडीत मिसळूनच वापरा. सावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात, तेव्हा नोव्हेंबरसाठी ती आधीच जमवून ठेवावी लागतात.

आणि कोयता पुढे ढकलू नका, पेटवण उधळतं. कोयत्याची पाठ स्थिर ठेवून रॉड मागे ओढा. रॉड नवा असेल तर वरचा काळा थर आधी खरवडून काढा.

राखणदार
वरच्या दोन्हींना +१. काही गोष्टी राहिल्यात.

बांबूचं बंद कांडं तसंच जाळात टाकलं तर आतली हवा आणि वाफ कोंडून ते फुटतं. आधी उभं चिरा. चुलीला ओढ्यातले दगड नकोत, मुरलेल्या पाण्याने तडकून कपऱ्या उडतात. बिब्ब्याचं आणि कण्हेरीचं लाकूड ओळखता येत नसेल तर अनोळखी काही जाळू नका. बिब्ब्याच्या धुरानेही अंगावर पुरळ उठू शकतं, कण्हेर विषारी आहे.

शेतात मालकाची परवानगी पुरते. राखीव जंगलात आग पेटवण्यावर १९२७ च्या वन अधिनियमाचे निर्बंध आहेत आणि अभयारण्यात १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे स्टोव्ह न्या. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत वणव्याचे दिवस, तेव्हा उघड्यावर जाळ नकोच.

घाटकडा
बांबूचा भुगा लक्षातच आला नव्हता. मनगटाएवढं लाकूड वरून ओलं असेल तर? आणि पहाटेचं काय?

सरपण
कोयता लाकडाच्या टोकावर ठेवून पाठीवर दुसऱ्या ओंडक्याने ठोका, उभं चिरलं जाईल. आतला गाभा बहुधा कोरडा निघतो. त्या चिरफळीवर पातं तिरपं फिरवून पातळ झिलप्या काढा, पण तोडू नका, बुडाशी चिकटून राहू द्या. अशा ३-४ चिरफळ्या असल्या की बारीक काड्यांची निम्मी जुडी वाचते.

पहाटेसाठी विस्तव पुरून ठेवायचा, गावातल्या चुलीत ठेवतात तसाच. ऐन, बाभूळ किंवा खैराचे निखारे एकत्र ओढा, अर्धी गोवरी मधे ठेवा आणि वरून चार बोटं राख. गोवरी वाडीत मागितली तर मिळते. हे फक्त वीतभर खोल खड्ड्यात, भोवती दोन हात जमीन साफ करून आणि वारा नसतानाच. वारा असेल तर रात्रीच विझवा. पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी ओता, आणि हाताची पाठ राखेजवळ नेऊन पाहा. धग लागली तर अजून पाणी.

सकाळची एक बारीक जुडी आणि मूठभर भुगा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तंबूत घ्या. काडेपेटीही त्यातच, पेटीची घासायची बाजू दमट झाली की कोरड्या काड्याही पेटत नाहीत.