प्रोटोकॉल ‘स्टॅक’: थप्पी, चळत की उतरंड?

प्रश्न

युनिक्स सर्व्हर सांभाळायला शिकतोय, टिपणं मराठीत काढतो. ‘ही सर्व्हिस कोणता प्रोटोकॉल स्टॅक वापरते ते ओळखा’ इथं स्टॅकला, म्हणजे नेटवर्कवरच्या संवादाच्या नियमांच्या एकावर एक थरांना, मी ‘थप्पी’ लिहिलं. सोलापुरातलाच आहे, चादरींच्या थप्प्या लहानपणापासून बघतोय. तरी वाचताना खटकतं. का?

उत्तर

तुमच्या कानाला खटकलं ते बरोबरच आहे. थप्पीतले नग सगळे सारखे. गिऱ्हाइकाला मधली चादर आवडली की दुकानदार ती ओढून काढतो, थप्पीचं काही बिघडत नाही. कडक भाकरीची चळत थोडी वेगळी: तिच्यातली भाकरी वरूनच उचलायची, मधली ओढली तर तुकडे होतात. प्रोग्रॅमिंगमधला स्टॅक, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी उचलायचं, त्याला ‘चळत’ अगदी चपखल.

प्रोटोकॉलचा स्टॅक यातला नव्हे. तिथं प्रत्येक थराचं काम निराळं. खाली इथरनेट (तारेवरून डेटा नेणारा), त्यावर आयपी (पत्ते सांभाळणारा), त्यावर टीसीपी नाहीतर यूडीपी (डेटा योग्य प्रोग्रॅमपर्यंत पोचवणारे), आणि माथ्यावर एसएसएच (दूरून लॉगिन करायला), एसएनएमपी (यंत्रांवर देखरेख ठेवायला) वगैरे. मधला काढला की वरचं सगळं खाली. याला आपल्याकडं जुना शब्द आहे: उतरंड. माझ्या आजीच्या माजघरात होती. तळाला ज्वारीचं मोठं मडकं, त्यावर तुरीचं, मग मुगाचं, सगळ्यात वर मिठाचं बोळकं. ज्वारी काढायची तर वरचं एकेक उतरवून बाजूला ठेवायचं. ‘उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा’ या म्हणीतली उतरंड हीच.

आता तुमचं वाक्य. प्रत्यक्षात ‘कोणता स्टॅक’ म्हणजे बहुतेक वेळा आयपीची आवृत्ती ४ की ६, एवढाच प्रश्न असतो. इथं मी एकदा सपशेल फसलो. एका कार्यालयातल्या लिनक्स मशीनवर कॉकपिट (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं साधन) चालू होतं. नेटस्टॅट या, जोडण्या दाखवणाऱ्या आज्ञेत ९०९० पोर्टपुढं (पोर्ट म्हणजे सर्व्हिसच्या दाराचा क्रमांक) नुसतं ‘टीसीपी६’ दिसलं, आणि ‘ही सर्व्हिस फक्त सहावर आहे’ असं मी लेखी कळवलं. फायरवॉलचे चारचे नियम कोणी तपासलेच नाहीत, आणि चारवरून दार सताड उघडं होतं. लिनक्समध्ये सहाचा सॉकेट (जोडणी घ्यायला प्रोग्रॅमनं उघडलेलं टोक), वेगळं सांगितलं नसेल तर, चारची जोडणीही घेतो. तो पाहुणा मग ‘::एफएफएफएफ:१९२.१६८.१.२०’ अशा पत्त्यानं दिसतो. ‘टीसीपी६’ हे सॉकेटच्या घराण्याचं नाव, आत कोण येतं त्याचं नव्हे.

नेटस्टॅटचंच काम करणारी एसएस ही आज्ञा जास्त स्पष्ट बोलते. ‘*:९०९०’ दिसलं तर एकच सॉकेट दोन्हीकडचं घेतो, ‘[::]:२२’ दिसलं तर तो सहापुरताच. एसएसएचची सर्व्हिस म्हणूनच ‘०.०.०.०:२२’ अशी दुसरी ओळही दाखवते. ओपनबीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या भाऊबंदावर हा घोळ नाही, तिथं सहाचा सॉकेट कायम सहापुरताच असतो.

आक्षेप

उतरंड म्हटलं की आज जातींची उतरंड आठवते. खालचा तो हलका, असा वास त्या शब्दाला लागलाय. तो तांत्रिक लेखनात कशाला आणायचा?

उत्तर

तो अर्थ जोरात आहे हे खरं, आणि तो वास झटकून टाकता येईल असंही मी म्हणणार नाही. पण मडक्यांच्या उतरंडीत तळाचं मडकं सगळ्यात भक्कम लागतं, सगळा भार त्याच्यावर. माझ्या मते शब्द टाकून देण्यापेक्षा हा मूळ अर्थ पुन्हा वापरात आणावा. ‘ड्युअल स्टॅक’ला (चार आणि सहा दोन्ही चालतात त्या व्यवस्थेला) मात्र ‘दुहेरी उतरंड’ म्हणायला मी कचरतो. दोन असतो तो फक्त आयपीचा थर, वर टीसीपी आणि खाली इथरनेट एकच. ‘दोन्ही आयपींवर चालणारी’ असं सरळ लिहावं.

मूळ प्रश्नकर्ता

वाक्य बदललं: ‘ही सर्व्हिस कोणत्या उतरंडीच्या माथ्यावर आहे ते ओळखा.’ लगेच आमच्या सर्व्हरवर एसएस चालवून बघितलं. एसएनएमपी फक्त चारवर निघाली. तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये नुसती यूडीपीची ओळ होती, यूडीपी६ची वेगळी लिहावी लागली.