अनुभव धागा : स्टँडबाय सुपरवायझर वेळेला उभा राहिला का?

मंडळी, नेटवर्कवाल्यांसाठी हा धागा काढते आहे. मोठ्या चासी स्विचमध्ये, म्हणजे कार्डं खोचायच्या नेटवर्कच्या पेटीत, ती पेटी चालवणारी दोन सुपरवायझर कार्डं असतात, एक चालू आणि दुसरं स्टँडबाय, म्हणजे राखीव. पहिलं गेलं की दुसऱ्याने कोणाला पत्ता लागू न देता काम उचलायचं. पण पहिल्याकडची ताजी माहिती दुसऱ्याकडे पोचलेली असेल तरच हे जमतं. हिंजवडी, खराडीपासून चाकणपर्यंत आपण बरेच जण हेच काम करतो. तेव्हा कंपनीचं नाव न घेता लिहा: काय सिंक झालं होतं, काय राहिलं होतं आणि ते कळलं कसं.

सुरुवात मीच करते. खराडीच्या ऑफिसात कोअर स्विच ताब्यात घेतला तेव्हा दोन्ही कार्डांचे दिवे हिरवे होते. तरी 'शो रिडंडन्सी स्टेट्स' ही कमांड मारून पाहिलं. चालू कार्ड १३, म्हणजे ॲक्टिव्ह. समोरचं ८, म्हणजे स्टँडबाय हॉट (पूर्ण तयार), असायला हवं होतं. दिसलं ४, स्टँडबाय कोल्ड. दोन कार्डांवर आयओएसच्या (सिस्को स्विचचं सॉफ्टवेअर) वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. त्या जुळत नसल्या की एसएसओ (स्टँडबायला ताजी माहिती देत राहणारी पद्धत) मिळत नाही, स्विच आरपीआर या कच्च्या पद्धतीवर उतरतो. मग स्टँडबाय अर्धवट बूट होऊन थांबतो आणि पाळी आली की लाइन कार्डांसकट (केबली लागतात ती कार्डं) सगळं नव्याने उठतं. सेकंदांचं काम मिनिटांवर जातं. दिव्यावर विश्वास ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

गुरुवारची_सुट्टी

ताई, धागा फार गरजेचा होता. आमचा कारखाना चाकणला, गुरुवारी बंद. त्यामुळे खरा स्विचओव्हर, म्हणजे काम एका कार्डावरून दुसऱ्यावर नेणं, करून बघायची मुभा मिळते, आणि ती मी सोडत नाही.

एका गुरुवारी स्टँडबाय हॉट असल्याची खात्री करून 'रिडंडन्सी फोर्स-स्विचओव्हर' दिलं. एकाच व्हीलॅनमधले (नेटवर्कचा एक वेगळा केलेला भाग) पिंग सलग चालू राहिले. पण लाइनवरच्या मशीन्सचा सर्व्हरशी संपर्क तुटला, कारण सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये, मध्ये फायरवॉल आणि ओएसपीएफ (शेजारी यंत्रांनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत). एसएसओमुळे पोर्टची स्थिती, मॅक टेबल (कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर), स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले फेरे टाळायची व्यवस्था) दुसऱ्या कार्डाकडे तयार असतं. ओएसपीएफचं शेजाऱ्याशी (इथे फायरवॉल) असलेलं नातं मात्र त्यात येत नाही, नवं कार्ड ते पुन्हा जोडतं. तोवर जुन्याच फॉरवर्डिंग टेबलवर पॅकेट जात राहावीत म्हणून एनएसएफ असतं. पण शेजाऱ्यानेही तेवढा वेळ धीर धरायला हवा; आरएफसी ३६२३ या इंटरनेट मानकातला ग्रेसफुल रीस्टार्ट तो हाच. आमच्या फायरवॉलवर तो बंद होता. शिवाय बिघाड लवकर कळावा म्हणून डेड इंटरव्हल (शेजारी किती वेळ गप्प राहिला की गेला समजायचं) १ सेकंदावर आणलेला. नवं कार्ड बोलायला लागण्याआधीच शेजाऱ्याने नातं तोडलं होतं.

हेलो (शेजाऱ्याला हाक द्यायचं अंतर) १० आणि डेड ४० सेकंद असे मूळचे आकडे परत घातले, फायरवॉलवर ग्रेसफुल रीस्टार्ट चालू करवला. पुढच्या गुरुवारी सर्व्हरचा संपर्क टिकला. स्विचचा सिंक पाहताना पलीकडच्या टोकाचा माणूसही त्या खोलीत असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

कन्सोल_केबल

थोडक्यात लिहितो. बूट व्हेरिएबल (कोणती फाइल घेऊन सुरू व्हायचं ते) स्टार्टअप कॉन्फिगबरोबर स्टँडबायकडे जातं, आयओएसची फाइल जात नाही. ती हाताने दुसऱ्या फ्लॅशवर कॉपी करावी लागते. आमचा स्टँडबाय पुढच्या रीलोडला रॉममॉनमध्ये (आयओएस न सापडल्यावर उरतो तो मूळ बूट प्रोग्राम) अडकून बसला होता.

हिंजवडी_फेज_दोन

आमच्याकडे दोन इमारतींत दोन चासी, व्हीएसएसने जोडून एक केलेल्या. मधले दोन्ही फायबर एकाच डक्टमधून नेलेले. आवारातल्या खोदाईत जेसीबीने डक्ट तोडला आणि दोन्ही चासी स्वतःला ॲक्टिव्ह समजू लागल्या. दोघांचा आयपी तोच, मॅक तोच. नेटवर्कचा नुसता गोंधळ. आता दुसऱ्या फायबरला वेगळी वाट दिली आहे आणि ड्युअल-ॲक्टिव्ह डिटेक्शनची (दोन्ही ॲक्टिव्ह झाल्या तर ओळखणारी) लिंक तिसऱ्या वाटेने. आता तसं झालं तर आधीची ॲक्टिव्ह चासी आपले पोर्ट स्वतःच बंद करून बाजूला होते.

रात्रपाळी

वायफाय कंट्रोलरचं चालेल ना? एका रुग्णालयात जोडी बसवली. जुन्या आवृत्तीत फक्त ॲक्सेस पॉइंटची माहिती सिंक व्हायची, त्यामुळे पॉइंट टिकायचे पण नर्सेसचे टॅब पुन्हा लॉगिन करायचे. पुढच्या आवृत्तीत क्लायंटही सिंक होतात, तेही पूर्ण जोडले गेलेलेच. ऑथेंटिकेशनच्या मध्यावर असलेले पुन्हा पहिल्यापासून. वॉर्डातल्या लोकांना हे आधी सांगून ठेवलं, त्याचा फार उपयोग झाला.

धागाकर्ती

चालेल काय, हवंच होतं! गुरुवारवाले दादा, ओएसपीएफबरोबर बीएफडी (शेजारी गेला की झटपट ओळखणारी तपासणी) लावलंय का? ते सुपरवायझरवरच चालत असेल तर स्विचओव्हरला त्याचं सेशन पडतं आणि ग्रेसफुल रीस्टार्ट असूनही शेजारी नातं तोडतो. पुढच्या सुट्टीला तेवढं बघून इथे लिहा.