‘निक्षालन’ म्हणजे धुणं की सोडवणं?

चुंबकीय नॅनोकणांनी पुनःसंयोजित (बाहेरचं जनुक घालून जिवाणूकडून बनवून घेतलेलं) प्रथिन शुद्ध करायची कृती मराठीत लिहिताना ‘वॉश’ला क्षालन आणि ‘इल्यूशन’ला निक्षालन असे शब्द येतात. एका नळीतलं पाणी टाकाऊ, दुसरीतलं जपायचं, आणि फरक फक्त ‘नि’चा. दुसरा शब्द आहे का? आणि ‘बीड’ला मणी म्हणावं की कण?

———

निक्षालन कोशाच्या हिशेबाने चूक नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘धुऊन काढणे’. पण प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे सहा रेणू जोडलेले असतात. मण्यावर बसवलेल्या निकेलच्या आयनाला सहा जागा असतात, त्यांतल्या चार एनटीए (निकेलला मण्याशी बांधून ठेवणारा रेणू) अडवतो, उरलेल्या दोन जागी हिस्टिडीन बसतात. इमिडाझोल हा हिस्टिडीनच्या बाजूसाखळीतलाच तुकडा, त्यामुळे तो त्याच जागेसाठी भांडतो. १० ते २० मिलीमोलरला आगंतुक प्रथिनं हटतात, २५० ला आपलंही सुटतं. म्हणजे द्रावण तेच, मात्रा वेगळी. जे धरलेलं होतं ते सुटतं, म्हणून मी ‘सोडवणे’ म्हणेन.

———

‘उतरवणे’ का नको? मण्यावर निकेल चढवतात, प्रथिन चढवतात, मग उतरवतात. जोडी छान जमते.

———

क्रियापद चालेल, पण नाम ‘उतारा’ होईल. नळीवर ‘उतारा १’ लिहिलं तर सात-बारा आठवेल किंवा विषावरचं औषध. ‘सोडवण १, सोडवण २’ बरं.

धुतलेल्या पाण्याला मात्र नवा शब्द घडवायची गरजच नाही. तांदळाचं धुवण घरोघरी माहीत आहे. पेशी फोडून अपकेंद्रित केल्यावर वर राहते ती ‘निवळ’, हाही घरचाच शब्द. नळ्यांवर असं लिहावं: निवळ, न चिकटलेलं, धुवण १, धुवण २, सोडवण १, सोडवण २. प्रत्येकीतले २० मायक्रोलिटर जेलसाठी (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून बघण्यासाठी) राखून ठेवावेत. जेल बघेपर्यंत धुवणही टाकू नये, प्रथिन कधीकधी तिथेच सापडतं.

कृती थोडक्यात: ५० मिलीमोलर सोडियम फॉस्फेट, ३०० मिलीमोलर मीठ, १० मिलीमोलर इमिडाझोल, पीएच ८. या द्रावणातली १ मिली निवळ आणि ५ टक्के मण्यांचं २०० मायक्रोलिटर निलंबन, ४ अंशांवर तासभर फिरवत ठेवा. नळी चुंबकाला मिनिटभर लावा, मणी भिंतीला काळ्या ठिपक्यासारखे गोळा झाले की द्रव ओढून घ्या. २० मिलीमोलर इमिडाझोलच्या ५०० मायक्रोलिटरने दोन-तीनदा धुवा. धुताना नळी चुंबकावरून काढून मणी नीट मिसळा. नुसतं वरून ओतलं तर ठिपक्याच्या आतला मळ तसाच राहतो. शेवटी २५० मिलीमोलरचे १०० मायक्रोलिटर, दोनदा.

———

यात एक खोच. इमिडाझोलचं तीव्र द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं. ते हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ८ वर आणल्याशिवाय मिसळू नका. उलट पीएच ६ च्या खाली गेला की हिस्टिडीनवर प्रोटॉन बसतो आणि पकड सुटते. तसंच इमिडाझोल २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, म्हणून सोडवणीतलं प्रथिन मोजायला ब्रॅडफर्डची रंगचाचणी बरी, किंवा शून्य त्याच द्रावणावर घ्या.

आणि जास्त मणी म्हणजे जास्त प्रथिन, हा गैरसमज. रिकाम्या राहिलेल्या निकेलवर ई. कोलाय जिवाणूची स्वतःची हिस्टिडीनबहुल प्रथिनं बसतात. एसएलवायडी हे त्यांतलं नेहमीचं.

———

मणी की कण? दोन्ही, पण वेगवेगळ्या वस्तूंसाठी. मॅग्नेटाइटचे साधारण २० नॅनोमीटरपेक्षा लहान स्फटिक अतिसमचुंबकीय असतात: चुंबक जवळ असेल तोवर चुंबक, दूर गेला की काहीच नाही. म्हणून ते एरवी एकमेकांना चिकटत नाहीत. पण ओढ घनफळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे सुटा १० नॅनोमीटरचा कण साध्या चुंबकाने मिनिटभरात गोळा होत नाही. म्हणून असे पुष्कळ स्फटिक सिलिका, पॉलिमर किंवा ॲगारोझमध्ये बांधून मोठा गोळा करतात. आतला तो कण, बाहेरचा तो मणी. बाटलीवर ‘नॅनो’ छापलेलं असलं तरी आतला माल बऱ्याचदा मायक्रोमीटरच्या मापाचा असतो. ‘अब्जांश कण’ (नॅनोकण) हा शब्द अशा मण्याला लावणं म्हणजे सरळ चूक.

———

त्या सहा हिस्टिडीनच्या ‘टॅग’ला शेपूट म्हणतात, ते मात्र खटकतं. ते एन-टोकालाही, म्हणजे प्रथिनाच्या सुरुवातीलाही जोडतात. डोक्याला शेपूट कशी?

———

मग ‘खूण’ म्हणा.

अजून एक शब्द हवा आहे, ‘स्ट्रिपिंग’ला. द्रावणात ईडीटीए (धातूचे आयन घट्ट धरणारं रसायन) असेल तर प्रथिन सुटत नाही, निकेलच उपटून निघतं आणि त्याला धरलेलं प्रथिन सोबत येतं. याला सोडवण म्हणू नये, ‘निकेल उपटणे’ म्हणावं. मण्यांऐवजी स्तंभ (कॉलम) वापरला तर त्यातल्या निकेल चढवलेल्या निळ्या ॲगारोझचा रंग पांढरा पडला की हे डोळ्यांना दिसतं. डीटीटी या क्षपणक रसायनाने निकेल तपकिरी होतं, तेही तिथे दिसतं. चुंबकीय मणी मुळात काळपट, त्यांत यातलं काहीच दिसत नाही. प्रथिन सगळं ‘न चिकटलेलं’ नळीत निघालं की मगच शंका येते, तेव्हा आधी पेशी फोडायच्या द्रावणात ईडीटीए पडला होता का ते तपासा. प्रथिननाशक-रोधकांच्या तयार गोळ्यांत तो बरेचदा असतो.