गुणवत्तेचं राज्य आलं म्हणे! (अमेरिकी सरकारी नोकऱ्या आणि कृष्णवर्णीय)

उदय_ठाणेकर: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये काढलेला आदेश ११२४६ ट्रम्पनी जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना समान संधीसाठी प्रत्यक्ष पावलं उचलायला लावणारा हा आदेश. आता निव्वळ गुणवत्ता चालणार म्हणून खूश होणाऱ्यांनी जरा मागे बघावं. १८८३ पासून तिथे परीक्षा घेऊन सरकारी भरती सुरू झाली. नियम असा की पहिल्या तिघांतून साहेबाने एक निवडायचा. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या काळात, १९१४ मध्ये, अर्जाला फोटो सक्तीचा झाला. मग काय, पहिला आलेला काळा असला की दुसऱ्याला घ्या, नियम शाबूत! ही सक्ती १९४० पर्यंत टिकली. परीक्षा होतीच की.

सडेतोड: शंभर वर्षांपूर्वीचं उगाळून किती दिवस चालणार? १९७२ पासून भेदभावबंदीचा कायदा सरकारी नोकऱ्यांनाही लागू आहे. तिथल्या न्यू हेवन शहराचं बघा. अग्निशमन दलात बढतीची परीक्षा झाली, निकालात एकही कृष्णवर्णीय बढतीत बसेना, तर शहराने निकालच गुंडाळला. ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला त्यांनी काय पाप केलं होतं? २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल त्यांच्याच बाजूने दिला.

मंजिरी: निकाल गुंडाळणं चूकच. पण त्या परीक्षेत लेखीला ६० टक्के आणि तोंडीला ४० टक्के असं वजन होतं, ते कुठून आलं? युनियनच्या करारातून. आगीत माणसं कशी हलवायची हे लेखी पेपरात किती कळणार? शेजारच्या ब्रिजपोर्टने लेखीचं वजन कमी केलं होतं. भांडायचं तर पेपर निघायच्या आधी, निकालानंतर नव्हे.

सडेतोड: म्हणजे हवा तो निकाल येईपर्यंत पेपर बदलत राहायचा. आपल्याकडचा आरक्षणाचा वाद तिकडे नेलात.

उदय_ठाणेकर: आरक्षण मध्ये आणू नका. तिथे सरकारी भरतीत आपल्यासारख्या राखीव जागा नाहीतच. कृष्णवर्णीय कामगार नेते रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्च्याची धमकी दिली, तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी संरक्षण कारखान्यांतल्या आणि सरकारी नोकऱ्यांतल्या भेदभावाला बंदी घातली. मागणी कामाची होती, कोट्याची नव्हे.

आणि खरी गोची बढतीत आहे. तिथल्या केंद्र सरकारच्या एकूण नोकरवर्गात कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, पण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या श्रेणीत ते घसरतं.

मंजिरी: त्यात तक्रारीची मुदत बघा. अन्याय झाल्यापासून ४५ दिवसांत खात्याच्या समुपदेशकाकडे जायचं. बढती हुकली हे त्याच दिवशी कळतं, का हुकली हे कळायला वर्ष जातं.

सडेतोड: मग मुदत वाढवा, निवडीची कारणं लेखी द्यायला लावा, माझी सही घ्या. तो नियम गोऱ्यालाही लागू होईल. वर्ण बघून गुण मोजायला मात्र माझा विरोध राहील.

उदय_ठाणेकर: लेखी कारणं १९१४ ला मागितली असती तर फोटो लावायची गरजच पडली नसती!

सडेतोड: साहेबाने कारणंही तशीच लिहिली असती.

मंजिरी: म्हणून तर कारणांसोबत आकडेही बघावे लागतात, सडेतोडराव.